घाट ओलांडून मासळी येते, सूचना मात्र किनाऱ्यावरच राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावच्या शहापुरात खाणावळ चालवते, बावीस वर्षं झाली. माहेर कारवारकडचं, माजाळी, भाऊ अजून होडी घेऊन जातो, त्यामुळं मासळीची दोन्ही टोकं माझ्या घरातच आहेत म्हणा की, पाण्यातलं पण आणि ताटातलं पण. तुमचा पेपर सकाळी गल्ल्यावर असतोच, गिऱ्हाईक जेवता जेवता वाचतात, त्यावर आमटीचे डाग पडतात, ते सोडा. सांगायचं असं की दरवर्षी पावसाळा सरला की पेपरात दोन बातम्या हमखास येतात. एक, मासे महागले, आवक घटली, खवय्ये नाराज. दुसरी, समुद्राच्या लाटांत रात्री निळा उजेड, बघायला ही गर्दी, सोबत मोठ्ठा रंगीत फोटो. 2020 च्या नोव्हेंबरात तर मुंबईपासून खाली कारवार-मलपेपर्यंत हा उजेड दिसला आणि लोकं मोबाईल घेऊन पळाली, माझ्याकडं जेवणारी दोन पोरं पण मोटारसायकलवरनं घाट उतरून बघून आली. खरं त्या पाण्याला नेमकं काय झालंय आणि त्या पाण्यातलं काय खावं, काय खाऊ नये, ही तिसरी बातमी मी अजून वाचलेली नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय थोडं, कात्री चालवलात तरी चालेल, फक्त तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, जे लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी महागाईचं. गिऱ्हाईक मला विचारतं, "काय वो मावशी, बांगडा काय सोन्याचा झाला काय?" मी कॅम्पातल्या मार्केटात विकणारीला तेच विचारते, ती टेम्पोवाल्याला विचारते, टेम्पोवाला म्हणतो डिझेल बघा की आणि रामनगर-जोयड्याचा रस्ता बघा. प्रत्येकजण मागच्याकडं बोट करतो आणि शेवटचं बोट समुद्राकडं जातं, तिथं विचारायला कोण जात नाही. माझा भाऊ तिथं आहे म्हणून मला कळतं एवढंच.

मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. ऑगस्टात होड्या उतरतात, सुरवातीला बरं असतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात असे काही दिवस येतात की तळाला जाळं ओढलं तर हाताला काहीच लागत नाही, लेप नाही, कोळंबी नाही, जे थोडं येतं ते पण मरगळलेलं. आणि उलट कधी कधी अगदी काठाला गुडघाभर पाण्यात मासळी येऊन गोळा होते, पोरं हातानं धरतात, बघणाऱ्याला वाटतं काय सुकाळ आला. अशाच एका वर्षी भाऊ फोनवर म्हणाला, "उदक मेलां गो." पाणी मेलंय. मला वाटलं बोलायची रीत असेल, मासे मरतात, पाणी कसं मरणार.

मग सासरचं तळं आठवलं. खानापूर तालुक्यात आमचं गाव, तिथं दिरानं आणि आणखी तिघांनी मिळून गावतळं ठेक्यानं घेतलं होतं, कटला, रोहू, सायप्रिनस सोडलेले. तळ्याच्या वरच्या अंगाला ऊस, त्याला युरिया घालताना कुणी हात आखडता घेत नाही, पाऊस आला की सगळं धुऊन खाली. पाणी हिरवंगार पोपटी झालं, दीर खूश, माशाला आयतं खाद्य मिळालं म्हणून. मग तीन-चार दिवस सलग ढग, वाऱ्याची झुळूक नाही. एका पहाटे राखणदार पळत आला, मासे सगळे वर येऊन तोंडं उघडायलेत म्हणून, आणि दिवस वर येईस्तवर तळंभर पांढरी पोटं. गावात लगेच ठरलं की कुणीतरी औषध टाकलं, भाऊबंदकी जुनी, त्यामुळं नाव पण ठरलं, पोलिसात जायची तयारी झाली. तेवढ्यात मासेखात्यातला एक जाणता माणूस आला, त्यानं पाण्यात मीटर बुडवून बघितलं आणि म्हणाला, विष नाही वो हे, तळ्याचा श्वास संपलाय. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं खरं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं, म्हणून पहाटेला पाण्यात सगळ्यात कमी उरतो. ढग राहिले की दिवसाची कमाई बंद, शेवाळ मरायला लागतं, आणि मेलेलं कुजवणारे जंतू जे काय शिल्लक असेल ते पण संपवतात. चांगल्या पाण्यात लिटरला 6-7 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो 2 च्या खाली आला की बहुतेक मासळीला तिथं राहवत नाही, पळायला जागा असली तर पळते. तळ्यात कुठं पळणार. (ज्याचं नाव ठरलं होतं त्याच्याशी दिराचं बोलणं अजून बंदच आहे, मीटरवर गावाचा विश्वास नाही.)

भाऊ म्हणत होता ते हेच, फक्त समुद्राएवढं मोठं. हे मला भाच्यानं समजावलं. कारवारात कोडीबागेला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, तिथं तो शिकला, दिवाळीला आला की "आत्या, ऐक" म्हणून जे सुरू होतो ते फराळ संपला तरी थांबत नाही. त्याचं म्हणणं, अरबी समुद्रात खोलवर, साधारण 150 मीटरपासून हजार मीटरच्या खालपर्यंत, ऑक्सिजन मुळातच नावापुरता आहे, एवढा जाड थर जगात फार थोड्या ठिकाणी. पावसाळ्यात वारं आणि प्रवाह असे फिरतात की हे खालचं गार पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं. त्या पाण्यात नैसर्गिक खत भरपूर, म्हणून वरती शेवाळ वाढतं, त्यावर तारली-बांगडा पोसतो, म्हणजे जे पाणी गुदमरवतं तेच पाणी आपल्याला जेवायला पण घालतं. खरं वरनं पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी येतं, ते हलकं, ते खाऱ्यावर पातळ थर करून पसरतं आणि झाकण बसल्यासारखं होतं, वरची हवा खाली मुरत नाही आणि खाली मेलेलं शेवाळ कुजत राहतं. मी म्हटलं कळलं बाबा, डब्यात घट्ट झाकण लावून विसरलेली उसळ. सप्टेंबर-ऑक्टोबरला काही ठिकाणी तळाचा ऑक्सिजन पार शून्यावर येतो आणि हायड्रोजन सल्फाईड तयार होतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. नंतर प्रवाह उलटा फिरला की हिवाळ्यात पाणी परत निवळतं.

आता कोण म्हणेल हे जुनंच आहे, आणि आहेच की. कार्ल बान्से नावाच्या शास्त्रज्ञानं 1959 सालीच लिहून ठेवलंय की हे गार, ऑक्सिजन नसलेलं पाणी किनाऱ्यावर चढलं की केरळच्या बाजूला तळाची मासळी जाळ्यात येत नाही. काळजीची गोष्ट पुढची आहे. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 पासूनची, आपली निम्मी पोरं सहलीला गोव्यात जातात आणि त्या संस्थेवरनं पुढं बीचवर जातात, तिथल्या नक्वी आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली 'नेचर' ह्या शास्त्राच्या नियतकालिकात छापलं की पश्चिम किनाऱ्यावरची ही कोंडी आधीपेक्षा वाढलेली दिसते, आणि बोट दाखवलं ते जमिनीवरनं वाहून येणाऱ्या नायट्रेटकडं, म्हणजे शेतातलं खत. निसर्गानं गुदमरवलं त्यावर आपण आणि उशी दाबतोय, असा त्याचा अर्थ मी घेतला. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात तर हे दर उन्हाळ्यात मोजतात, मिसिसिपी नदी मक्याच्या शेतांचं खत घेऊन येते आणि तिच्या तोंडाशी समुद्राचा तळ मरतो, 2017 साली तो पट्टा 22,730 चौरस किलोमीटर भरला. आपला अख्खा बेळगाव जिल्हा 13,415. म्हणजे अथणीपासून खानापूरपर्यंत सगळं धरून वर आणखी अर्ध्याहून जास्त.

आता त्या निळ्या उजेडाचं. तो नॉक्टिल्युका नावाच्या एका पेशीच्या जीवाचा, लाट फुटली, पाय पडला की चमकतो. त्याच्यात हात घातला म्हणून माणूस मरत नाही, तेवढं भ्यायला नको. खरं तो माशांच्या पिल्लांचं बारीक खाद्य फस्त करतो, त्याच्या अंगात अमोनिया साठतो, आणि लाखो-करोडोंनी वाढून एकदम मेला की परत तीच तळ्याची गोष्ट. ह्याचाच हिरवा भाऊ आहे, त्याच्या पोटात जिवंत शेवाळ राहतं, म्हणजे शिकार पण करतो आणि घरचं पण खातो, आणि कमी ऑक्सिजनचं पाणी त्याला चांगलंच मानवतं. मूळ गोव्याच्याच दोघांनी, हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस, ते अमेरिकेत असतात, त्यांनी 2014 ला दाखवलं की उत्तरेकडच्या अरबी समुद्रात हिवाळ्यात ह्या हिरव्यानं जुन्या चांगल्या शेवाळाची जागा घेतलीय. त्याला खाणारे मासे जवळजवळ नाहीतच, जेलीफिश तेवढे खातात. आणि भावाच्या जाळ्यात काही दिवस जेलीफिशच भरतात, हाताची आग होते, जाळं साफ करण्यात दिवस जातो, डिझेलचा खर्च तर सुटतच नाही. त्या उजेडाचा फोटो छापताना खाली एवढं एक वाक्य टाकलं तर काय बिघडेल काय?

सगळं शेवाळावर ढकलावं असं पण माझं म्हणणं नाही. तारलीचं बघा, केरळात 2012 ला जवळपास चार लाख टन मिळाली होती आणि 2021 ला 3,297 टन, नुसते टन, लाख नव्हे. त्यात समुद्र तापणं आलं, एल निनो आला, आणि बोटभर पिल्लं पण ओढून फिशमीलला, म्हणजे माशाची भुकटी करायला, घालणारी आपली माणसं पण आली. भावाच्या तोंडावर हे बोलले तर फोन ठेवून देतो. खरं त्याच्या घरातच बारीक आसाचं जाळं आहे, मी बघितलंय.

आता तिसऱ्या. ह्यासाठीच मी लिहायला बसले.

तिसऱ्या, खुबे, कालवं, ही मंडळी जागची हलत नाहीत, दिवसभर पाणी गाळून त्यातलं खातात. काही जातीच्या शेवाळात विष असतं, तिसरीला त्याचं काही होत नाही, ती ते साठवत जाते, आणि आपण खाल्ली की आपल्याला लागतं. ओठ, जीभ मुंग्या आल्यासारखी होते, मग बधिर, मग हातपाय, आणि जास्त झालं तर छातीचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाही, श्वास मशीनवर चालू ठेवायचा आणि विष उतरायची वाट बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिजवून हे विष जात नाही. कितीही उकळा, कोकम घाला, तिरफळं घाला, हळद घाला, आमच्या सासूबाई म्हणायच्या तशी रुपयाची नाणी टाकून बघा, काही उपयोग नाही. रंग, वास, चव, काही बदलत नाही.

हे कुठल्या परदेशातलं सांगत नाही. 1983 साली मंगळूरच्या खाली कुंबळ्याजवळ नदीतल्या तिसऱ्या खाऊन लोकं आजारी पडली आणि एक पोरगा गेला. 1997 ला केरळात विळिंजमला शिंपल्या खाऊन सात जणं गेली आणि पाचशेच्या वर दवाखान्यात पडली. 2004 च्या सप्टेंबरात त्याच केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राचा असा काय घाण वास सुटला की किनाऱ्यावरची शाळेतली पोरं उलट्या करत दवाखान्यात गेली, मेलेली मासळी काठाला लागली, कारण शेवाळच. आपल्या बाजूला असं रोज होतं असं नाही, बऱ्याचदा पाणी रंगतं ते बिनविषारी शेवाळानंच, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकडाच्या भुशासारखा तपकिरी तवंग येतो तो पण त्यातलाच. खरं कुठला रंग साधा आणि कुठला विषारी हे डोळ्यानं ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. माजाळीच्या बायका पिढ्यान् पिढ्या काळी नदीच्या तोंडाशी तिसऱ्या काढतात, आई म्हणायची पाण्याचा रंग फिरला तर त्या दिवशी टोपली घरीच ठेवायची, ती काही शिकलेली नव्हती. आता टोपली घरी ठेवून चालत नाही, सकाळी टेम्पो उभा असतो.

आणि हाच टेम्पो घाट चढून बेळगावात येतो. चोर्ला, अनमोड, जोयडा, तिन्हीकडनं येतो, जाताना आपली भाजी नेतो, येताना मासळी आणतो. मग मला सांगा, समजा कारवार किंवा गोव्यात एखाद्या आठवड्यात सांगितलं की ह्या खाडीतल्या तिसऱ्या तूर्त खाऊ नका, तर ते मला शहापुरात कसं कळणार? तिथल्या जेटीवर कन्नडात बोर्ड लागेल, इंग्रजीत एखादी पीडीएफ निघेल. हैदराबादला इन्कॉइस म्हणून सरकारी संस्था आहे, ती उपग्रहावरनं बघून शेवाळाची माहिती रोज देते, मासे कुठं मिळतील ते कोळ्यांना मराठीतनं पण सांगते, चांगलं काम आहे. खरं शेवाळासाठी त्यांनी जी चार ठिकाणं धोक्याची धरलीत ती म्हणजे अरबी समुद्राचा ईशान्य भाग, केरळचा किनारा, मन्नारचं आखात आणि ओडिशातलं गोपाळपूर. कारवार-गोव्याचा पट्टा त्या चारात नाही, आणि आमचं ताट तिथनंच भरतं. सीमाभागात राहून मराठीत कागद मागायची आम्हाला सवय आहे, सातबारा म्हणा, वीजबिल म्हणा, मागून मागून घसा बसलाय, पण हा तसला मागणीचा कागद नव्हे. ही जेवणाची गोष्ट आहे. कन्नड शेजारणीला पण ती लागणार आहे, तिला पण कोण सांगत नाही.

कोण म्हणेल बाई, असलं छापलं की लोकं घाबरतील आणि तुझाच धंदा बसेल. धंदा एकदा बसलाय माझा. 2018 च्या जुलैत गोव्यात मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, असल्याची बोंब झाली, गोव्यानं बाहेरची मासळी बंद केली, इकडं व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं, महिनाभर माझ्याकडं माशाच्या ताटाला कोण हात लावेना, अंडाकरीवर दिवस काढले. एकानं तर माझा बांगडा नाकाला लावून हॉस्पिटलचा वास येतोय म्हणून तसाच उठून गेला, तो बांगडा मी त्याच्यासमोर खाल्ला. तेव्हा कुणी नीट छापलं असतं की अमुक मासळी, अमुक दिवस, तर बाकीची विकली असती. काय खाऊ नये हे नेमकं सांगितलं की बाकीचं निर्धास्त खाता येतं. तिसऱ्या बंद म्हटलं तर मी बांगडा वाढेन, बांगड्याच्या मांसात हे विष तसं साठत नाही, आतडी काढून साफ केलेला असला की झालं.

आता जरा आपल्या घरचं. आपण म्हणतो आमचा काय संबंध, आमचं पाणी पूर्वेला जातं. बरोबर आहे, मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी सगळ्या कृष्णेला मिळतात आणि तिकडं बंगालच्या उपसागराला. खरं कणकुंबीला एकदा उभं राहून बघा, देवळाजवळ मलप्रभा उगवते ती पूर्वेला निघते, आणि तिथनं थोडं पलीकडं पडलेला पाऊस म्हादईला मिळून गोव्यात उतरतो, मांडवी होऊन अरबी समुद्राला. छत्रीच्या ह्या काठावरनं एक थेंब इकडं, त्या काठावरनं तिकडं. म्हादईचं पाणी कुणाचं ह्यावर राज्यं कोर्टात भांडतात, त्या पाण्यातनं काय वाहून जातं ह्यावर कोण भांडताना मी बघितलं नाही. आणि पूर्वेला गेलं म्हणून ते नाहीसं होतं काय? आमच्या शहापूर-वडगावच्या शिवारातनं जो बळ्ळारी नाला जातो त्याचं पाणी बघा, शहराचं सांडपाणी, वर जलपर्णी, खाली काळा गाळ, पावसाळ्यात तो बासमतीच्या रानात शिरतो. तिथं उभं राहिलं की जो वास येतो तो समुद्राच्या तळाशी सप्टेंबरात येतो तोच, मला भाच्यानं वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की नाल्यात गमवायला मासळी आता उरलेली नाही.

आणि हे सुधारत नाही असं पण नाही. काळ्या समुद्राचा वायव्य भाग असाच मेला होता, मग सोव्हिएत मोडलं, शेतकऱ्यांना खत परवडेना, आणि काही वर्षांत तळाला जीव परत दिसायला लागले. म्हणून आपल्या ऊसवाल्यांना खत बंद करा असं मी म्हणणार नाही, माझाच दीर मला घरात घेणार नाही. माती तपासून जेवढं लागतं तेवढं घाला, ढग बघून घाला, पावसाच्या आदल्या दिवशी पोतं फोडू नका, एवढं तरी. पैसे त्याचेच वाचतील, पोतं काय फुकट येतं?

तर माझं मागणं साधं आहे. तुम्ही बाजारभावाच्या चौकटीत बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी असे दर देता. त्याच चौकटीत सप्टेंबर ते मे एक ओळ द्या, किनाऱ्यावर पाणी कसं आहे, शेवाळ आहे की नाही, तिसऱ्या-कालवं खायला चालतील की नाही. माहिती कुठनं घ्यायची ते पण सांगते, दोनापावलाची संस्था आहे, कारवारात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, इन्कॉइसची वेबसाईट आहे. तुमचा कारवारचा वार्ताहर रोज जेटीवर जातोच, त्यानं एक फोन करायचा. जागा नाही असं म्हणू नका. चौकटीच्या खाली केसांच्या तेलाची जाहिरात असते, तिच्यातल्या बाईचे केस पार पानाच्या कडेपर्यंत आलेत, ते बोटभर वर घेतले तर दोन ओळी आरामात बसतात, मी पट्टी लावून बघितलंय.

आपली वाचक,
एक खाणावळवाली
शहापूर, बेळगाव